नऊ दिवसांची शाकारणी: डब्ल्यूडी रेड ड्राइव्हचं प्रकरण

चार डिस्कच्या अ‍ॅरेमधली (म्हणजे एकत्र बांधलेल्या मांडणीतली) एक डिस्क गेली की काय करायचं हे ठरलेलं असतं. मेलेली काढायची, नवी बसवायची, सिस्टिमला सांगायचं, आणि उरलेल्या तिघींकडून हिशेब मांडून चौथीवरचा डेटा पुन्हा भरला जाईपर्यंत देवाचं नाव घेत बसायचं. ४ टीबीच्या डिस्कला या कामाला एक रात्र लागते, फार तर रात्र आणि दुसरा अर्धा दिवस. २०२० च्या मे महिन्यात ‘सर्व्ह द होम’ या अमेरिकी संकेतस्थळाने हीच गोष्ट मुद्दाम करून पाहिली, तेव्हा बाकीच्या सगळ्या डिस्कनी १७ तासांच्या आत काम उरकलं. एका डिस्कला मात्र जवळपास २३० तास लागले. म्हणजे साडेनऊ दिवस.

ती डिस्क बिघडलेली नव्हती. कोरी होती, आणि तिच्या डब्यावर ती नॅससाठी (नेटवर्कवरून वापरायच्या साठवणयंत्रासाठी), म्हणजे अशाच अ‍ॅरेसाठी, बनवल्याचं लिहिलेलं होतं.

(मराठीत लिहिताना एक घोळ होतो: वेस्टर्न डिजिटलच्या लाल लेबलचा ‘रेड’ आणि अनेक डिस्क एकत्र बांधण्याच्या पद्धतीचा ‘रेड’ एकसारखेच दिसतात. म्हणून इथे ‘रेड’ म्हणजे फक्त ड्राइव्ह, आणि मांडणीला अ‍ॅरे.)

डब्ल्यूडी रेड ही मालिका २०१२ ची. घरगुती आणि छोट्या ऑफिसांतल्या नॅससाठी, बेताची किंमत, कमी आवाज, मिनिटाला साधारण ५४०० फेऱ्यांचा वर्ग. फोटोग्राफर, सीएंची ऑफिसं, छोटे स्टुडिओ, घरात सिनेमांचा साठा करणारे हौशी, सगळ्यांनी ही डिस्क डोळे मिटून घ्यावी असा तिचा लौकिक होता. ४ टीबीचं जुनं मॉडेल डब्ल्यूडी४०ईएफआरएक्स. पुढे त्याच क्षमतेत डब्ल्यूडी४०ईएफएएक्स आलं. साडेनऊ दिवस लावणारी डिस्क हीच. माहितीपत्रकं शेजारी ठेवली तर नवी डिस्क जुनीपेक्षा सरस दिसायची. कॅश ६४ एमबीऐवजी २५६ एमबी, आणि डेटा वाहण्याचा वेग सेकंदाला १५० एमबीऐवजी १८०. दुकानदाराने काय सांगावं? ‘नवीन आहे, फास्ट आहे, घेऊन जा.’ त्यात त्याचं काही चुकलं नाही.

माहितीपत्रकात नव्हती ती एकच गोष्ट: नवी डिस्क एसएमआर होती.

एसएमआर म्हणजे काय हे सांगायला मराठीत अगदी तयार चित्र आहे. पूर्ण नाव शिंगल्ड मॅग्नेटिक रेकॉर्डिंग. त्यातल्या ‘एस’चा, म्हणजे ‘शिंगल’चा, मूळ अर्थच छपरावर एकावर एक चढवलेली कौलं किंवा फळ्या. चुंबकीय डिस्कमध्ये लिहिणारं टोक वाचणाऱ्या टोकापेक्षा रुंद असतं. लिहायला जाड बोरू लागतो, वाचायला बारीक नजर पुरते. पारंपरिक पद्धतीत, म्हणजे सीएमआरमध्ये, दोन ओळींत मोकळी फट ठेवून लिहितात. एसएमआरमध्ये फट ठेवत नाहीत. एक ओळ लिहायची, दुसरी तिच्यावर थोडी चढवायची, तिसरी दुसरीवर. प्रत्येक ओळीची एक बारीक पट्टी उघडी राहते आणि वाचायला तेवढी पुरते. तेवढ्याच तबकडीवर जास्त ओळी बसतात, तबकड्या आणि टोकं कमी लागतात, डिस्क स्वस्तात बनते.

कोकणात पावसाआधी घर शाकारताना कौलं वळचणीपासून वर आढ्याकडे चढवत नेतात. खालची रांग आधी, वरची तिच्यावर. सलग चढवत गेलात तर काम झपाझप होतं. मधल्या रांगेतलं एक फुटलेलं कौल बदलायचं म्हटलं की वरची हलवावी लागतात. खऱ्या छपरावर निदान शेजारचं कौल उचलून नवं सरकवता येतं. डिस्कवर तीही सोय नाही. मधली ओळ नव्याने लिहायला जाल तर जाड बोरू पुढच्या ओळीवर फिरतो, म्हणून ती पुन्हा लिहायची, मग तिच्यापुढची, असं त्या पट्ट्याच्या शेवटापर्यंत. हे अनंतापर्यंत जाऊ नये म्हणून तबकडी पट्ट्यांत विभागलेली असते. ज्या एसएमआर डिस्कचा कारभार बाहेरचा संगणक पाहतो, त्यांत पट्टा सहसा २५६ एमबीचा असतो. जी डिस्क आपला कारभार स्वतःच पाहते, तिच्या पोटात काय आहे हे कंपनी सांगत नाही.

आता हिशेब करू. ५४०० फेऱ्यांच्या डिस्कची एक फेरी ११ मिलिसेकंदांची. हवी ती जागा टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी थांबायचं, त्यात टोक सरकण्याचे आठ-दहा मिलिसेकंद मिळवायचे. इकडे-तिकडे विखुरलेलं एक छोटं लिखाण साधारण १५ मिलिसेकंदांत होतं, सेकंदाला साठ-सत्तर. ही झाली कोणत्याही साध्या डिस्कची गत. एसएमआर डिस्कने ४ केबी जागच्या जागी बदलायचं ठरवलं आणि पट्टा २५६ एमबीचा धरला, तर आधी २५६ एमबी वाचायचे आणि मग २५६ एमबी लिहायचे. सेकंदाला १५० एमबीच्या वेगाने यालाच साडेतीन सेकंदांच्या आसपास लागतात. १५ मिलिसेकंदांचं काम साडेतीन सेकंदांवर, म्हणजे दोनशे पटींहून जास्त.

अर्थात डिस्क इतकी वेडी नसते. ती आधी पडवीत माल उतरवून घेते. तबकडीचा मोजक्या जीबींचा एक भाग कौलांशिवाय, पारंपरिक पद्धतीने लिहिण्यासाठी राखलेला असतो. विखुरलेली सगळी लिखाणं एका ओळीत तिथे टाकायची, ‘झालं’ म्हणून संगणकाला कळवायचं, आणि सवड मिळाली की पडवीतली पोती पट्ट्यापट्ट्याने कणगीत भरायची. म्हणूनच गंमत अशी की पहिली काही मिनिटं एसएमआर डिस्क विखुरलेल्या लिखाणात साध्या डिस्कपेक्षा वेगवान दिसते. घरच्या नॅसवर संध्याकाळी फोटो उतरवले, रात्रभर नॅस गप्प पडून राहिलं, सकाळपर्यंत पडवी रिकामी. अशा माणसाला आयुष्यभर कळणार नाही की आपल्याकडे कौलारू डिस्क आहे. कळायची गरजही नाही.

बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली हा आतला कारभार बाहेरून ओळखण्याची रीत मांडली. विशिष्ट क्रमाने लिखाणं पाठवायची, प्रत्येकाला किती वेळ लागला ते मोजायचं, आणि त्यावरून पडवी केवढी, पट्टे केवढे, साफसफाई कधी सुरू होते याचा अंदाज बांधायचा. तेवढ्यावर न थांबता त्यांनी सीगेटच्या डिस्कला भोक पाडून पारदर्शक खिडकी बसवली आणि टोक कुठून कुठे जातं हे वेगवान कॅमेऱ्याने टिपलं. स्टोरेजमधला मला सर्वांत आवडणारा प्रयोग हाच. पडवी भरली की टोक वेड्यासारखं एका कडेवरून आत आणि परत बाहेर पळायला लागतं, हे आकड्यांत वाचणं वेगळं आणि डोळ्यांनी पाहणं वेगळं.

मग नॅसच्या अ‍ॅरेत नेमकं काय झालं? इथे झेडएफएस आली. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जन्मलेली ही फाइल सिस्टिम, म्हणजे फायली डिस्कवर कुठे-कशा ठेवायच्या हे पाहणारी व्यवस्था, फ्रीनॅससारख्या (त्याचं आताचं नाव ट्रूनॅस) नॅसमध्ये सर्रास असते. डिस्क बदलल्यावर डेटा पुन्हा भरण्याला ती ‘रिसिल्व्हर’ म्हणते, म्हणजे आरशाला पुन्हा पारा चढवणं. जुन्या पद्धतीचा अ‍ॅरे डिस्कच्या पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत आंधळेपणाने, सरळ रांगेत भरत जातो. रिकामी जागाही भरतो, कारण त्याला रिकामं-भरलेलं कळतच नाही. झेडएफएसला कळतं. ती फक्त जिवंत डेटा भरते आणि प्रत्येक तुकड्याची बेरीज (चेकसम) तपासून घेते. पण त्यासाठी डेटा कुठे आहे याच्या नोंदी ज्या झाडासारख्या रचनेत असतात, त्या झाडाच्या फांद्यांवरून ती चालते, आणि फांद्यांचा क्रम म्हणजे तबकडीवरचा क्रम नव्हे. वर्षभर फायली लिहिल्या-पुसल्या असतील तर तो क्रम चांगलाच विस्कटलेला असतो. पुढच्या आवृत्त्यांनी तुकड्यांची यादी आधी स्मृतीत गोळा करून क्रम लावायला सुरुवात केली. लिनक्सवर ती सोय २०१९ च्या ०.८ आवृत्तीत आली. तरीही ते एकसंध लिखाण होत नाही, सुटे सुटे लांब तुकडे होतात.

म्हणजे नव्या एसएमआर डिस्कवर तासन्‌तास, न थांबता, पूर्ण ओळीत नसलेलं लिखाण. सवड शून्य. पडवी भरली, कणगीत भरायला उसंत नाही, फाटकावर गाड्यांची रांग. अ‍ॅरे त्याच्या सर्वांत सुस्त बैलाच्या चालीने चालतो, त्यामुळे उरलेल्या तीन निरोगी डिस्क नुसत्या ताटकळत. २३० तासांत ४ टीबी, डिस्क गच्च भरलेली धरली तरी सेकंदाला ५ एमबीपेक्षा कमीच पडतात. माहितीपत्रकातला आकडा होता १८०.

नुसता उशीर झाला असता तर लोक चरफडले असते आणि गप्प बसले असते. लिनक्समध्ये डिस्कला दिलेल्या आज्ञेचं उत्तर यायला सहसा ३० सेकंदांची मुभा असते. साफसफाईत गुंतलेल्या डिस्कचं उत्तर वेळेत आलं नाही, किंवा तिने चूक कळवली, की अ‍ॅरे तिला मेलेली समजून बाहेर काढतो. फ्रीनॅस बनवणाऱ्या आयएक्ससिस्टिम्सनेही तपास करून सांगितलं की ठराविक फर्मवेअरची (डिस्कमधल्या अंगभूत सॉफ्टवेअरची) ४ टीबीची ही डिस्क झेडएफएसच्या जोरदार भाराखाली सदोष स्थितीत जाऊ शकते. एकच डिस्क गमावणं सोसणाऱ्या अ‍ॅरेत भरणी चालू असताना दुसरी गेली, तर सगळा डेटा गेला. एका रात्रीची ही जोखीम साडेनऊ दिवसांवर गेली. मला विचाराल तर वेगापेक्षा हीच गोष्ट गंभीर आहे. कामगिरी आणि सुरक्षितता ही दोन वेगळी खाती आहेत असं आपण समजतो. अ‍ॅरेच्या बाबतीत भरणीचा वेग हाच सुरक्षिततेचा आकडा असतो.

लोकांना आधी वाटलं केबल खराब, मग कंट्रोलर, मग आपलंच नशीब. खराब समजून परत पाठवलेल्या डिस्कच्या जागी आलेल्या डिस्कही तशाच वागायच्या. मॉडेलच्या नावावरूनही उलगडा होईना, कारण ८ टीबी आणि त्यावरच्या काही रेड डिस्कच्या नावातही ‘ईएफएएक्स’ होतं आणि त्या व्यवस्थित सीएमआर होत्या! चाणाक्ष लोकांना एक धागा मात्र दिसला: ही फिरती डिस्क संगणकाला सांगत होती की मला ‘ट्रिम’ समजतं. ट्रिम म्हणजे ‘या जागेतला डेटा आता नको’ असं डिस्कला कळवणं, ही एसएसडीची भाषा. साध्या फिरत्या डिस्कला तिचा काही उपयोग नाही. जिला पट्टे हलवावे लागतात, तिलाच टाकाऊ माल कोणता हे कळण्यात रस.

१४ एप्रिल २०२० ला ‘ब्लॉक्स अँड फाइल्स’ या संकेतस्थळाने बातमी दिली की २ ते ६ टीबीच्या काही रेड डिस्क एसएमआर आहेत आणि हे कुठेही लिहिलेलं नाही. पुढच्या काही दिवसांत सीगेट आणि तोशिबाच्याही काही डेस्कटॉप डिस्कमध्ये न सांगता एसएमआर असल्याचं बाहेर आलं. सीगेटने आपल्या नॅसच्या आयर्नवुल्फ मालिकेत ते नसल्याचं सांगितलं. २० एप्रिलला वेस्टर्न डिजिटलने निवेदन काढलं: या डिस्क घरगुती आणि छोट्या व्यवसायांच्या वापरासाठी आहेत, वर्षाला १८० टीबीच्या भाराच्या हिशेबाने, आणि त्यांना मधूनमधून मिळणाऱ्या निवांत वेळात त्या आतली कामं करतात. यापेक्षा जड काम असेल तर वरच्या मालिका घ्या.

वर्षाला १८० टीबी म्हणजे दिवसाला साधारण ५०० जीबी. ४ टीबीची डिस्क एकदा भरायची म्हणजे आठ दिवसांचा कोटा. प्रत्यक्ष लागलेल्या साडेनऊ दिवसांच्या इतका जवळचा आकडा यावा हा निव्वळ योगायोग, पण बोलका. वर्षाच्या सरासरीत बसणारं काम एका रात्रीत मागितलं जातं, तेव्हा सरासरी कामाला येत नाही. आणि अ‍ॅरेत डिस्क बदलणं हा नॅसच्या आयुष्यातला अपवाद नाही, ती त्याची ठरलेली परीक्षा आहे. नॅससाठी म्हणून विकलेल्या डिस्कने या परीक्षेत निवांत वेळ मागणं मला तरी पटत नाही.

मग आधीच्या परीक्षणांत हे का दिसलं नाही? कारण डिस्क मोजण्याची लोकप्रिय साधनं पडवीच मोजतात. डिस्क कोरी, चाचणी एक जीबीची, दोन-चार मिनिटांची. एवढा माल पडवीत सहज मावतो. वर सरासरी काढली की एखादं लिखाण दहा सेकंद अडकलेलंही लपून जातं. डिस्क ओळखायची तर ती निम्म्याहून जास्त भरून घ्यायची, एफआयओसारख्या साधनाने तासभर विखुरलेलं लिखाण सोडायचं, आणि दर सेकंदाचा वेग कागदावर काढायचा. सीएमआरची रेघ खाली पण सपाट असते. एसएमआरची रेघ उंचावर सुरू होऊन मध्येच कड्यावरून पडल्यासारखी खाली येते. चालू अ‍ॅरेत संशय आला तर आयओस्टॅट या डिस्कची हालचाल दाखवणाऱ्या आज्ञेत एकच डिस्क शंभर टक्के गुंतलेली आणि दोन-चार एमबी वाहणारी, तर शेजारच्या डिस्क मोकळ्या, असं दिसतं. झेडएफएसच्या स्वतःच्या झेडपूल आयओस्टॅट या आज्ञेला विलंबाची उतरंड, म्हणजे किती कामांना किती वेळ लागला याचा तक्ता, मागितली की सेकंदांच्या रकान्यात आकडे पडलेले सापडतात. फिरत्या डिस्कवर असा रकाना सहसा रिकामा असायला हवा.

उपायांबद्दल बोलताना आधी चुकीचा उपाय. ३० सेकंदांची मुभा वाढवून दोन-तीन मिनिटं करा, असा सल्ला तेव्हा बराच फिरला. त्याने डिस्क अ‍ॅरेबाहेर फेकली जात नाही हे खरं, पण सगळा अ‍ॅरे दोन मिनिटं थिजलेला बसतो. तापाला उतारा म्हणून थर्मामीटर लपवण्यासारखं ते. वाचनासाठी एसएसडीची कॅश लावणाऱ्यांचीही निराशाच झाली, कारण अडचण वाचनात नव्हती.

क्रम सुधारला की मात्र फरक पडतो. सरळ रांगेत भरणाऱ्या जुन्या पद्धतीच्या अ‍ॅरेत याच डिस्क भरणीच्या वेळी बऱ्यापैकी वागल्या, कारण तळापासून वर सलग कौलं चढवणं हे तर त्यांचं आवडतं काम. २०२० च्या अखेरीस आलेल्या ओपनझेडएफएस २.० मध्ये आरशासारख्या जोड्यांसाठी सरळ क्रमाने भरण्याचा पर्याय आला: आधी भरून घ्या, बेरजा नंतर तपासा. सम-विषमतेच्या, म्हणजे उरलेल्या डिस्कवरून हिशेब मांडून डेटा भरणाऱ्या, अ‍ॅरेला, म्हणजे इथल्या आपल्या चार डिस्कवाल्याला, तो लागू नाही. मोठ्या फायलींसाठी मोठे तुकडे ठेवणं, ट्रिम चालू ठेवणं, भरणीच्या काळात बाकीची लिखाणं थांबवणं, यांनी थोडा श्वास मिळतो. पण झेडएफएसच्या अ‍ॅरेत ही डिस्क असेल तर खरा उपाय एकच होता आणि तो कंटाळवाणा आहे: एकेक करून सीएमआर डिस्क बसवणं, आणि तेही पहिली मरायच्या आत. निरोगी अ‍ॅरेत जुनी डिस्क जागेवर ठेवून बदली करता येते. जुन्या डिस्कवरून नुसतं वाचायचं असतं, वाचनात कौलं आड येत नाहीत, आणि नव्या सीएमआरला लिहायला त्रास नाही. एसएमआरचा सगळा राग लिहिण्यावरच आहे.

इथे तंत्राला मात्र शिव्या देऊ नयेत. २०१८ च्या जूनमध्ये ड्रॉपबॉक्सने आपल्या प्रचंड साठ्यात १४ टीबीच्या एसएमआर डिस्क लावायला घेतल्याचं जाहीर केलं, आणि ते राजीखुशीने. फरक असा की त्या डिस्क स्वतःचा कारभार पाहत नाहीत. पट्टे कुठे आहेत हे संगणकाला माहीत असतं आणि तोच ठरवतो काय कुठे लिहायचं. ड्रॉपबॉक्सचा साठा मुळातच मोठमोठ्या तुकड्यांत, शेवटाला जोडत जाण्याच्या पद्धतीने लिहिला जातो, एकदा लिहिलेलं जागच्या जागी बदलत नाहीत. येणारी विखुरलेली लिखाणं आधी फ्लॅशवर थांबवून मग एका ओळीत उतरवतात. पडवी त्यांचीच, चावी त्यांच्याकडे. तेच तंत्र तिथे पैसे आणि वीज वाचवतं, आणि एखाद्या स्टुडिओच्या कोपऱ्यातल्या चार डिस्कच्या डब्यात साडेनऊ दिवस घेतं.

२० एप्रिलच्या निवेदनाच्याच आठवड्यात वेस्टर्न डिजिटलने कोणतं मॉडेल कोणत्या पद्धतीचं याची यादी प्रसिद्ध केली. मे महिन्यात अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा लावला. जूनमध्ये मालिकेची नावं बदलली: साध्या रेडमधल्या सीएमआर डिस्क ‘रेड प्लस’ झाल्या, ‘रेड प्रो’ हे नाव आधीपासूनच होतं आणि ते सीएमआरच राहिलं, साधं ‘रेड’ हे नाव २ ते ६ टीबीच्या एसएमआर डिस्ककडे राहिलं. म्हणजे २०१२ पासून लोकांनी ज्या नावावर भरवसा ठेवला, ते नाव नव्या वस्तूला मिळालं आणि जुनी वस्तू हवी असेल तर नवं नाव लक्षात ठेवायचं. लॅमिंग्टन रोडवर जाऊन नुसतं ‘४ टीबीचा डब्ल्यूडी रेड द्या’ म्हणणाऱ्याला त्यानंतर नक्की काय मिळेल, हे त्या एका ‘प्लस’वर ठरू लागलं. कंपनीच्या माहितीपत्रकांत आता ‘रेकॉर्डिंग टेक्नॉलॉजी’ अशी एक ओळ असते. कॅश आणि वेगाच्या आकड्यांआधी ती वाचावी.